फराळावरचा कर

भंडाऱ्याला मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते, ते घरमालक आमच्याकडून भाड्याशिवाय करही घ्यायचे. पैशांचा नाही. पैसे मागितले असते तर आमच्या घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी खोली बदलायला लावली असती. गावाहून जो फराळ येई, त्यावर तो कर होता. हे कोणाला सांगितलं की लोक हसतात, आणि मीही त्यांच्याबरोबर हसते. पण त्याच करापायी एकदा, चिखल्याच्या मुलीचं कॉलेज राहतं की सुटतं, असा प्रसंग आमच्या ओट्यावर उभा राहिला होता. म्हणून त्या घरमालकांविषयी, आमच्या सरांविषयी, नीट लिहावं असं मनात होतं. मला ते जमेल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात निबंधापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही.

सर ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. करप्रणाली हा त्यांचा लाडका धडा. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हाला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तीस वर्षं कर शिकवला यांनी, पन लावायले एक मानूस भेटला नाई. मंग तुम्ही आल्या."

आम्ही चौघी होतो. सर आम्हाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी सानगडी. माझ्या खोलीत राहायची ती चिखला. तिचे बाबा तिकडे मँगनीजच्या ट्रकवर भराईचं काम करायचे. तिसरी बपेरा, तिच्या बोलण्यात मध्य प्रदेशाच्या सीमेवरची अर्धी हिंदी होती. चौथी तुमसर, राइस मिलवाल्याची मुलगी. सर म्हणायचे, ही चार राज्यं आहेत, मी केंद्र सरकार आणि काकू विरोधी पक्ष. काकू म्हणायच्या, "मी स्वयंपाकघर हाय. माझ्या भरवशावर तुमचं केंद्र चालून राहिलं."

रविवारी संध्याकाळी आम्ही एसटीनं गावाहून परत आलो की सर ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असत. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. समोर मापाला काकूंची वरणाची वाटी. आम्ही आपापले डबे उघडायचे. आठवडाभर स्वतःला पुरेल तेवढं करमुक्त. वर उरेल त्यातला चौथा हिस्सा सरकारचा. दुसरा डबा असेल तर त्यातला अर्धा. जमा झालेलं सगळं स्टीलच्या एका मोठ्या डब्यात जायचं. त्याचं नाव तिजोरी, पण त्याला कुलूप नव्हतं. कोणी आजारी पडली, कोणाला गावाला जाता आलं नाही, कोणाची परीक्षा आली, की तिजोरी तिच्यासाठी उघडायची. मागच्या अंगणातल्या पेरूवर सर स्वतःलाही अर्धा कर लावायचे, आणि चांगले पेरू कोणते यावरून विरोधी पक्षाशी रोज त्यांचं भांडण व्हायचं.

माझा पहिला रविवार मला चांगला आठवतो. आईनं मुरमुरे आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून दिला होता. बाजूला तुमसरचे दोन डबे होते, एकात रव्याचे लाडू, दुसऱ्यात शंकरपाळे. सरांनी माझं फडकं उघडलं, वाटीनं मापलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सानगडी करमुक्त."

मला वाटलं, मी नापास झाले. रात्री जेवताना काकूंनी माझ्या ताटात तिजोरीतले शंकरपाळे वाढले, तेव्हा तर डोळे भरून आले. चिखला माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रडते काहून वं? मी गेल्या वर्षी आली तवा मले बी करमुक्तच केलं होतं. दिवाळीनंतर बाबानं डबा भरून दिला, मंग मी बी कर भरला. तू बी भरशील."

एकदा बपेऱ्यानं सुकी मासोळी आणली. नियमाप्रमाणे चौथा हिस्सा तिजोरीत जायला हवा होता आणि तिजोरीत लाडू होते. सर बराच वेळ त्या मासोळीकडे पाहत राहिले. "कर वस्तूतच द्यायचा, असा नियम मीच केला," ते म्हणाले. काकू दारातून म्हणाल्या, "माझ्या डब्यात ती मासोळी गेली तर मी तुमच्या केंद्रात जेवन बंद करीन." शेवटी मासोळीसाठी वेगळी बरणी आली आणि ती अंगणातल्या नळाजवळ ठेवली. बपेरा म्हणाली, "बघा सर, माझ्यामुळे नवं खातं उघडलं." पण त्या खात्यावर शेजारच्या मांजरीनं ताबा मिळवला, आणि सरांनी त्याचा दोष बराच काळ प्रशासनाला दिला. प्रशासन म्हणजे कोण, ते आम्हाला कधी कळलं नाही.

सरांबरोबर बाजारात जायचं म्हणजे वेळ हाताशी ठेवून जावं लागे. रस्त्याचा दिवा आला की ते खांबाला हात लावून म्हणायचे, "हा आपला." एसटी गेली तर तिच्याकडे घरच्या म्हशीकडे पाहावं तसं पाहायचे. दुकानात साबण घेतला की बिल मागायचे आणि तळाशी छापलेला कर मोठ्यानं वाचायचे. "आज साबणातून थोडा रस्ता बांधला." आणि रस्त्यात खड्डा आला तर तिथंच उभे राहून इतके चिडायचे की दुकानदार बाहेर यायचे. "माझा साबण कुठं गेला?" असं ते खड्ड्याला विचारायचे.

एकदा माझे बाबा धानाच्या कामातून सवड काढून मला भेटायला आले. ओट्याच्या कडेला अंग चोरून बसले. सरांनी विचारलं, "तुम्ही कर भरता का?"

बाबा हसले. "आमी काय टॅक्स भरतो सर. गरीब मानसं. एकरभर धान, तलावाचं पानी आलं तर पिकते."

"चहा पिता?"

"व्हय."

"साबण? मोबाईलमधे रिचार्ज?"

"थे तर लागतेच."

सरांनी काकूंना आत जाऊन साबणाचं बिल आणायला लावलं आणि बाबांना तळाची ओळ दाखवली. बाबांना वाचता येतं, पण हळू. त्यांनी बोटानं ती ओळ दोनदा वाचली. सर म्हणाले, "मिलवाला साबण घेतो तेव्हा जेवढा कर देतो, तेवढाच तुम्ही देता. त्याच्या खिशातून तो जाणवत नाही, तुमच्या खिशातून जाणवतो. म्हणून तुमचा मान जास्त पायजे."

बाबा जरा सरकून ओट्यावर ऐसपैस बसले. आई सांगते, त्यानंतर गावात नालीचं काम अडलं तेव्हा बाबा ग्रामपंचायतीत जाऊन म्हणाले, "मी टॅक्सवाला मानूस हाय, मले सांगा नाली काहून अडली." नाली झाली. बाबांमुळे झाली की नाही, ते मला सांगता येणार नाही.

या सगळ्यात तुमसरला राग यायचा, आणि तिचा राग मला समजत होता. दर रविवारी सगळ्यात जास्त तिचंच जायचं. एकदा ती उभीच राहिली. "सर, लाडू माझ्या आईनं केले. मी काहून देऊ?"

"तूप कोणाचं?"

"आमचं."

"ज्या पैशातून तूप आलं तो पैसा?"

"मिलचा."

"मिलमधे धान कोण आणते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सानगडीवाले."

"आणि पोतं कोण उचलते?"

"हमाल."

"मग त्या लाडवात थोडी सानगडी आहे, थोडा हमाल आहे. तुझ्या आईचे हात तर आहेतच. थे मी कुठं नाही म्हणतो."

तुमसर हार मानणारी नव्हती. "बरं. मंग सानगडीनं मले मागावं ना. मी देईन. तुम्ही मधात कायले?"

सर खुर्चीतून पुढे झुकले. एरवी ते भराभर बोलायचे, पण हे वाक्य त्यांनी हळू म्हटलं. "तिला मागावं लागू नये, म्हणून."

त्यानंतरही तुमसरनं कर चुकवला. शंकरपाळे उशीच्या अभ्र्यात लपवले आणि मुंग्या लागल्या. मुंग्यांची रांग खोलीतून ओट्यावर, सरांच्या चपलेपर्यंत आली. सर म्हणाले, "धाड मी टाकली नाही, यांनी टाकली." शिक्षा त्यांनी केली नाही. उलट क्षमा योजना जाहीर केली. सकाळच्या चहापर्यंत ज्यानं जे लपवलं असेल ते आणून ठेवावं, कोणी काही विचारणार नाही. सकाळी चहाच्या वेळी तुमसरचे शंकरपाळे आले, बपेऱ्याची चिंचेची गोळी आली आणि काकूंनी पिठाच्या डब्यातून पेढ्यांचा पुडा काढून ठेवला. सरांना साखरेचा त्रास होता, म्हणून तो त्यांच्यापासून लपवलेला होता. सरांचा चेहरा इतका फुलला की काकूंना एक पेढा द्यावाच लागला.

आता चिखल्याविषयी.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. पाहुणे येतात, नाटकं होतात, घरोघरी तळण असतं. त्या दिवसांत आमचे डबे सगळ्यात भरलेले असायचे. त्याच दिवसांत चिखल्याच्या बाबांच्या पायावर ट्रकच्या मागचा लोखंडी पल्ला पडला. एका खाजगी ठेकेदाराकडे ते रोजीनं जात. पाय मोडला त्या दिवशी रोजी थांबली. तिनं हे मला नळावर कपडे धुताना सांगितलं आणि कोणाला सांगू नको म्हणाली. मी सांगितलं नाही.

"महिना झाला की मी जाते," ती म्हणाली. "तुमसरच्या बाजारात कपड्याच्या दुकानात लागते. बीए कुठं पळून राहिलं? होईन पुढं."

मला माहीत होतं की पुढं होत नाही. माझ्या दोन मावसबहिणींचं पुढं झालं नव्हतं. मी तिच्या चादरीचं दुसरं टोक धरून पिळू लागले.

तरी रविवारी तिचा डबा भरलेला यायचा. चिवडा. सर मापायचे, चौथा हिस्सा घ्यायचे, आणि ती मान ताठ ठेवून द्यायची. मला प्रश्न पडायचा की घरी रोजी नाही, मग चिवडा कुठून. पण विचारायचा धीर झाला नाही. असे काही रविवार गेले. मग एकदा काकूंनी तिजोरीतला तिचा चिवडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबल्या.

"हा कोपऱ्यावरच्या दुकानातला हाय," त्या म्हणाल्या. "बडीशेप हाय यात. थोच एकटा टाकते. चिखल्याले कोनी चिवड्यात बडीशेप टाकते का?"

काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना वाटलं एसटीत डबा सांडला असेल, म्हणून विकत घेतला. पण चिखला पांढरीफटक पडली. मग तिनंच सांगून टाकलं, ती गावाला गेलीच नव्हती. बसस्टँडवर बसायची, तिकिटाच्या पैशातून चिवडा विकत घ्यायची आणि संध्याकाळी परत यायची. रिकाम्या डब्यानं आलं असतं तर तिजोरी तिच्यासाठी उघडली असती, आणि तिला घ्यायचं नव्हतं. तिला देणाऱ्यांतच राहायचं होतं.

"मी उद्याच खोली सोडते," ती म्हणाली.

मी सरांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहतच नव्हते. वाटीकडे पाहत होते, आणि त्यांचा चेहरा वर्गात एखादं गणित फळ्यावर चुकल्यावर होतो तसा झाला होता.

"म्हणजे मी खर्चावर उत्पन्नाचा कर घेतला," ते म्हणाले.

"काय?" काकू म्हणाल्या.

"घरून आलं ते उत्पन्न. दुकानातून आणलं तो खर्च. पोरगी खर्च करून राहिली आणि मी तिच्यावर उत्पन्नाचा कर लावून राहिलो. इतके रविवार. आणि मी लोकांना शिकवलं." ते उठून उभे राहिले. "परतावा द्या लागते. व्याजासहित."

"मले दया नको सर," चिखला म्हणाली.

"दया कोण करून राहिलं? चूक माझी झाली, थे मी दुरुस्त करून राहिलो. तू मला माफ केलं तर ती तुझी दया होईन."

चिखल्याच्या तोंडातून हुंदका आला की हसू, ते मला आजही ठरवता येत नाही. मग तिनं बाबांच्या पायाचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की त्यांच्याच गल्लीत एक काका कंपनीच्या खाणीत कायम आहेत. मागच्या वर्षी त्यांचाही पाय मोडला होता. त्यांचा इलाज झाला, पगार चालू राहिला, त्यांची मुलगी नागपूरला शिकते आहे.

सरांना इतकं रागावलेलं मी त्याआधी किंवा त्यानंतर पाहिलं नाही. आवाज मात्र चढला नाही. "एकाच गल्लीतले दोन पाय," ते म्हणाले. "एका पायामागं विमा, दुसऱ्या पायामागं नशीब."

"तिजोरीतून घे," तुमसर चिखल्याला म्हणाली.

"नाही."

तेव्हा बपेरा बोलली. "यार, गेल्या वर्षी मला कावीळ झाली तेव्हा मी तिजोरीतले तुझे मुरमुरे खाल्ले. महिनाभर खाल्ले. मतलब मी भीक खाल्ली काय?"

"तसं नाही वं."

"मग कसं? तू खाल्लं की भीक आणि मी खाल्लं की विमा?"

सरांनी बपेऱ्याकडे असं पाहिलं, जणू जन्मभर शिकवलेला धडा शेवटी कोणीतरी पाठ न करता म्हणून दाखवला. चिखला खाली बसली. तिनं हातातली पिशवी बाजूला ठेवली.

राहिला भाड्याचा प्रश्न. सर म्हणाले की भाडं माफ करायला हवं, त्यासाठी आपण पुढच्या रविवारी ठराव आणू. काकू म्हणाल्या, "ठराव कायचा? घर माझ्या नावानं हाय. बाप उभा होतपर्यंत पोरीचं भाडं बंद. तुमचं सरकार चिवड्यापुरतं हाय, थे चालवा." सर म्हणाले, विरोधी पक्षानं सरकारच्या बाजूनं मत दिल्याचा हा पहिलाच प्रसंग. काकू म्हणाल्या, सरकारनं माझ्या बाजूनं दिलं.

त्या आठवड्यात तुमसरनं घरी फोन केला. मी शेजारीच होते. "बाबा, आपल्या मिलमधल्या हमालाचा पाय मोडला तर त्याले काय भेटते?" मग ते म्हणाले, पाहतो. मला वाटलं, पाहतो म्हणजे नाही. पण पुढं तिनंच सांगितलं की मिलमधल्या सगळ्या हमालांचा विमा काढला. सांगताना ती थोडी नाराज होती, कारण त्या वर्षी मिळणारी तिची स्कूटी लांबली. सर तिला म्हणाले, "तू चालत कॉलेजला जाऊन राहिली थे फार मोठं काम आहे." ती म्हणाली, "मोठं काम तुम्हीच करा ना मंग." तरी ती चालत गेली.

चिखला राहिली. हिवाळा सरला, तिचे बाबा आधी कुबडीवर आणि मग काठीवर चालू लागले. बसून करायचं एक राखणदारीचं काम त्यांना मिळालं. ते समजल्यावर पहिल्याच रविवारी ती खरोखर गावाला गेली. मोहफुलं पडायला लागली होती. ती परत आली तेव्हा हातात एक छोटा डबा होता, मोहाचे लाडू. तिनं तो सरांच्या पुढ्यात ठेवला.

सरांनी मापून पाहिलं. "चिखला करमुक्त. मर्यादेच्या आत आहे."

"कर घ्या सर."

"लागत नाही बाई. नियम आहे."

"नियम बदला मंग."

"असा वाटलं तेव्हा बदलत नाही. दुरुस्ती मांडावी लागते, मतदान होते."

तिनं दुरुस्ती मांडली. ज्याला स्वतःहून द्यायचं असेल त्याचं सरकारनं घ्यावं. बपेऱ्यानं हात वर केला, मी केला, तुमसरनं आधी लाडवांकडे पाहिलं आणि मग केला. काकू आतून ओरडल्या, "माझा बी धरा." सर एकटे विरोधात राहिले आणि हरले. मला तर ते हरून खूशच दिसले.

चिखल्यानं लाडू तिजोरीत टाकायला सुरुवात केली. एक टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला. सर हात आडवा करून म्हणाले, "पुरे, पुरे. हा जास्त झाला. उद्या तुझा परतावा निघेन."

"निघू द्या," ती चौथा टाकत म्हणाली. "मी कुठं जाऊन राहिली आता."